मालक क्रमांक १००४
आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या लिनक्स सर्व्हरवर सर्वांसाठी बसवलेल्या सिम्युलेशन सॉफ्टवेअरच्या फाइली तृतीय वर्षातील एका विद्यार्थ्याच्या नावावर दिसत आहेत, अशी तक्रार घेऊन विभागप्रमुख माझ्याकडे आले, तेव्हा त्याने घुसखोरी केली असे त्यांनी जवळजवळ ठरवूनच टाकले होते. "सर, मी त्या फोल्डरला हातसुद्धा लावलेला नाही," असे तो काकुळतीने सांगत होता.

मी नावांऐवजी क्रमांक दाखवणारी यादी काढली. प्रत्येक फाइलीपुढे मालक म्हणून १००४ हा युजर आयडी होता. सॉफ्टवेअर ज्यातून बसवले त्या मूळ टार फाइलीतही (अनेक फाइली एकत्र बांधलेल्या गठ्ठ्यातही) तोच क्रमांक एका अनोळखी नावासह नोंदलेला सापडला आणि उलगडा झाला. रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेले खाते, वापरून टार उघडले की आत नोंदलेली मालकीच फाइलींना लागते; त्या नावाचा युजर यंत्रावर नसेल तर क्रमांक धरला जातो, आणि आमच्याकडे १००४ हा क्रमांक नेमका या मुलाच्या खात्याचा होता.

मुलाचा दोष नव्हता. धोका मात्र खरा होता. रोज रात्री रूटच्या क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामे चालवणाऱ्या सोयीतून, याच फोल्डरातली एक स्क्रिप्ट (आज्ञांची फाइल) चालत असे. त्या मुलाचा पासवर्ड हाती लागलेल्या कोणीही तिच्यात एक ओळ घातली असती, तर सकाळपर्यंत अख्खा सर्व्हर त्याच्या ताब्यात गेला असता. भरीस भर म्हणून, लॉग लिहिता यावेत यासाठी आतल्या एका फोल्डरला कोणीतरी ७७७, म्हणजे कोणालाही आत लिहिता-बदलता येईल अशी, परवानगी देऊन ठेवली होती.

मालकी रूटकडे वळवली की काम झाले, असे एका सहकाऱ्याचे म्हणणे पडले. मला ते मुळीच पटले नाही, कारण त्याने मालक बदलतो, पण मधल्या काळात कोणी आत काही लिहिले असेल तर ते तसेच राहते. म्हणून जुने फोल्डर बाजूला काढले, टार फाइलीचा एसएचए-२५६ (फाइलीच्या मजकुरावरून निघणारा पडताळणीचा आकडा) उत्पादकाने दिलेल्या मूल्याशी ताडून पाहिला आणि नोंदलेली मालकी न लावण्याचा पर्याय देऊन ती नव्याने उघडली. फोल्डर व प्रोग्रामना ७५५, बाकी फाइलींना ६४४ परवानगी ठेवली (म्हणजे बदल फक्त मालकालाच करता येईल), लॉग प्रत्येकाच्या होम फोल्डरात वळवले आणि ती स्क्रिप्ट रूटऐवजी मर्यादित अधिकारांच्या खात्यातून चालू केली. मग जुन्या प्रोग्राम फाइली नव्यांशी ताडल्या. एकीतही फरक नव्हता.

विद्यार्थ्याच्याच खात्यातून चाचणी घेतली, तेव्हा प्रोग्राम सुरळीत चालला आणि स्क्रिप्ट बदलू जाताच 'परमिशन डिनाइड' आले. तुलनेचा निकाल पाहून विभागप्रमुखांनी त्याच्यासमोरच आपला संशय मागे घेतला.