मीटर गरम होतंय? अर्जात रकानाच नाही

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत जिन्याखाली मीटरचं कपाट आहे. उन्हाळ्यात तिथून जळकट वास यायला लागला. कपाटातली अडगळ एका रविवारी सकाळीच निघाली: मखराचं थर्माकोल, रंगाचे अर्धवट डबे, रद्दी. एवढं ज्वालाग्राही सामान विजेशेजारी वर्षानुवर्षं कुणालाच खटकलं नव्हतं.

वायरमनने बॅटरी मारून दाखवलं. आमच्या मीटरच्या खालच्या सीलबंद झाकणात शिरणाऱ्या वायरचं लाल आवरण काळपट पडून तडकलं होतं. "ताई, आत स्क्रू ढिला आहे. पण सीलला मी हात लावणार नाही." बरोबरच होतं त्याचं. मीटरशी छेडछाड 2003 च्या वीज कायद्यात वीजचोरीत धरली जाते.

म्हणून वीज कार्यालयात गेले. खिडकीवरचा पहिला प्रश्न, "बिल बरोबर येतंय ना?" येतंय. "मग मीटर चांगलं आहे." वायर जळतेय म्हटलं, तर मीटरनंतरची वायरिंग ग्राहकाची, तुमचा वायरमन बोलवा. वायरमन म्हणतो सील, कार्यालय म्हणतं वायरमन, आणि मी मधल्या मधे. तक्रारीचे प्रकारही ठरलेले: वीज गेली, बिल जास्त, मीटर बंद. माझं मीटर चालू, बिल व्यवस्थित, घरात उजेड. शेवटी त्या बाईंनी "इतर" मध्ये टाकलं. ते "इतर" कुणाच्या टेबलावर जातं हे मला अजून कळलेलं नाही. पुढच्या खेपेला "साहेब साइटवर गेलेत", त्याच्या पुढच्या खेपेला तक्रार "निकाली" दिसत होती. कुणी जिन्याखाली डोकावलंसुद्धा नव्हतं!

तोपर्यंत घरात गिझर आणि एसी एकदम लावायचा नाही, असा हुकूम काढला. 2000 वॅटचा गिझर एकटाच जवळपास 9 अँपिअर ओढतो, आणि ढिल्या जोडावर करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. सगळे म्हणायचे, एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आहे ना, पडेल. नाही पडत. करंट मर्यादेत असेल तर जोड तापतोय हे एमसीबीला कळतच नाही. घरातले दिवे उगाच मंद-तेज व्हायला लागले तर न्यूट्रल, म्हणजे करंटची परतीची वायर, ढिली असू शकते, तेही तपासून घ्या.

गाडी हलली ती कागदाने. साध्या पानावर लिहिलं: "मीटरचे टर्मिनल जळत आहे, जिन्याखाली असल्याने आगीचा धोका आहे, बाहेर पडायला दुसरा मार्ग नाही." सोबत लांबूनच काढलेला फोटो. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच मागितली. शिक्का मारताना बाईंनी पहिल्यांदा मजकूर वाचला, आणि मग साहेब साइटवरून परतले. तुम्ही थेट इथूनच सुरुवात करा. वीज तक्रारीच्या 1912 या नंबरवर फोन करून तक्रार क्रमांक घ्या, पण तेवढ्यावर विसंबू नका.

लाईनमन आला, कटआऊट (मीटरच्या आधीचा फ्यूज) काढून पुरवठा बंद केला, वायरचं जळकं टोक कापलं, नवीन टोक कसून बसवलं. चहा होईस्तोवर काम आटोपलं. अ‍ॅल्युमिनियमची वायर तापून-गार होऊन स्क्रूखाली सैल पडत जाते, असं तो म्हणाला. त्यामुळे मीटरनंतरचे आमच्या बाजूचे जोड दरवर्षी परवानाधारक वायरमनकडून कसून घ्यायचं आता सोसायटीत ठरलं आहे. वायर शिरते त्या भोकांतून पाली आत जातात, तीही बुजवून घेतली. आगीसाठी ड्राय पावडरचं सिलिंडर कपाटाबाहेर भिंतीला लावलं, कारण आतलं आग लागल्यावर हाती कसं येणार? विजेच्या आगीवर पाणी मारायचं नाही, हे वॉचमनदादांना वेगळं सांगावं लागलं.

एक राहिलंच. लाईनमन जायच्या आत जुन्या आणि नव्या सीलचा नंबर त्याच्याकडून कागदावर सहीसकट लिहून घ्या. आमचा "कशाला मॅडम" म्हणत होता. पण उद्या तपासणीला वेगळंच पथक आलं आणि सील बदललेलं दिसलं, तर ते कुणी बदललं हे मी कशावर दाखवू?