बॅकअप लॉग, भाग ३: शिव्या सॉफ्टवेअरला, चोर रॅम

मागच्या वेळी रडलो होतो ते आठवत असेल. आठ महिने रोज रात्री हिरवी टिक दाखवणारं बॅकअप सॉफ्टवेअर (नाव घेत नाही, का ते कळेलच पुढे) आणि एक फोल्डर रिस्टोअर करायला गेलो तर म्हणे फाइल करप्ट आहे. त्यात एक फुल बॅकअप आणि त्यावर इन्क्रिमेंटलची (म्हणजे रोज फक्त बदललेलं तेवढंच घेणाऱ्या बॅकअपची) लांबलचक साखळी, मधली एक कडी तुटली की पुढचं सगळं मुसळ केरात. जाम भडकलो होतो, त्याच रात्री अनइन्स्टॉल केलं.

मग नवीन काय घ्यायचं यावर दोन शनिवार घालवले. बोर्ग हे बॅकअप सॉफ्टवेअर आवडलं होतं, पण ते विंडोजवर सरळ चालत नाही, डब्ल्यूएसएलमधून (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) चालवायचं म्हणजे मोडायला अजून एक जागा. शेवटी रेस्टिक हे दुसरं सॉफ्टवेअर घेतलं. एकच एक्झी फाइल, ०.१४ व्हर्जनपासून कॉम्प्रेशन पण आहे आणि साखळी नाही, म्हणजे प्रत्येक स्नॅपशॉट (एका वेळचा बॅकअप) आपल्या जागी पूर्ण असतो. फाइलचे तुकडे करतं, प्रत्येक तुकड्याचं नाव म्हणजे त्याचाच एसएचए-२५६ हॅश (मजकुरावरून काढलेला आकडा, डिजिटल बोटांचा ठसाच म्हणा), त्यामुळे एक बिट जरी हलला तरी वाचताना पकडलं जातं. पासवर्ड हरवला तर मात्र राम म्हणायचं, मी वहीत लिहून कपाटात ठेवलाय, हसा खुशाल.

साधारण ८७० जीबी डेटा. पहिला बॅकअप झाला आणि यावेळी शहाण्यासारखं लगेच चेक चालवलं. साधं चेक फक्त रचना बघतं, सगळा डेटा खरोखर वाचून तपासायचा तर रीड-डेटा हा ऑप्शन द्यावा लागतो. रात्रभर लावून झोपलो. सकाळी चहा घेऊन बघतो तर दोन पॅक (तुकडे एकत्र ठेवलेल्या फाइली) खराब! नवीन सॉफ्टवेअर, नवीन डिस्क, तरी खराब.

आता म्हटलं डिस्कच डिफेक्टिव्ह असणार. स्मार्ट रिपोर्ट (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) काढला, रीॲलोकेटेड म्हणजे बाद करून बदललेले सेक्टर शून्य, पेंडिंग म्हणजे संशयित सेक्टर शून्य, सीआरसी एरर (१९९ नंबरचा, तो वाढला की आधी साटा केबल बदलायची) तोही शून्य. डिस्क एकदम ठणठणीत. मग सहज एक गंमत करून बघितली, चुलतभावाच्या लग्नाचा ११ जीबीचा व्हिडिओ आहे, त्याचा विंडोजमधल्या सर्टयुटिलने हॅश काढला. परत काढला. परत काढला. पहिले दोन सेम आणि तिसरा वेगळाच!! फाइलला हात पण लावला नव्हता हो मधे. पोटात गोळा आला अक्षरशः.

डिस्क ठीक आणि फाइल तीच, तेव्हा डोक्यात रॅम आली, कारण वाचलेला डेटा तिच्यातूनच जातो. पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासायचा प्रोग्राम टाकून बूट केलं आणि वीसेक मिनिटांत लाल ओळी सुरू. ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या आहेत. आपला राष्ट्रीय उपाय केला आधी, काढून खोडरबरने पाय घासले, फुंकर मारली, परत बसवल्या. लाल ओळी तशाच. बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने पळवायचं सेटिंग) बंद केलं, तरी तेच. मग एकेक पट्टी लावून बघितलं, स्लॉट बदलले, तर एरर त्या एकाच पट्टीच्या मागे मागे फिरतोय, म्हणजे बोर्ड निर्दोष. पुण्यातल्या तपकीर गल्लीत (कॉम्प्युटरच्या दुकानांची गल्ली) पट्टी दाखवली तर लाइफटाइम वॉरंटी निघाली, पाठवलीये. सध्या ८ जीबीवर रडतखडत चाललंय.

तर जुन्या सॉफ्टवेअरला मी ज्या शिव्या घातल्या त्यातल्या निम्म्या परत घेतो. साखळी बहुतेक या पट्टीनेच तोडली असणार. निम्म्याच घेतो, कारण बॅकअप झाल्यावर व्हेरिफाय करायचा ऑप्शन त्यात होता पण मुळातच बंद, आणि मी आठ महिन्यांत सेटिंगचं ते पान उघडलंच नाही.

रेस्टिकची दुरुस्ती सोपी गेली. त्याच्याच रिपेअर पॅक्स कमांडने खराब पॅकमधले धड तुकडे वाचवले, मग बॅकअप परत चालवला, उरलेले तुकडे मूळ फाइलींमधून परत आले. रीड-डेटा परत, शून्य एरर. आता दर रविवारी सबसेट ऑप्शन देऊन दहावा हिस्सा वाचायला लावलाय, दहा आठवड्यांत सगळं फिरून होतं.

पण खरी डोकेदुखी वेगळी. त्या रॅममधून कॉपी झालेल्या मूळ फाइलींचं काय? मूळच बिघडलं असेल तर बॅकअप तो बिघाड इमानेइतबारे जपून ठेवणार. जेपीजीमध्ये स्वतःचा चेकसम (बिघाड ओळखायचा पडताळणी आकडा) नसतो, त्यामुळे फोटो जुन्या डीव्हीडींशी हॅश लावून जुळवतोय, एकात गणपतीचा अर्धा मखर करडा झालेला सापडला. आबांच्या भजनांच्या कॅसेट मात्र फ्लॅक या ऑडिओ फॉरमॅटमध्ये केल्या होत्या, ते देवासारखं धावून आलं, कारण फ्लॅक फाइलीतच ऑडिओचा एमडी५ हॅश ठेवतं. टेस्ट लावली, ४१२ पैकी ३ नापास.

तिन्ही एकाच कॅसेटच्या बी साइडच्या, सी-९० (दोन्ही बाजू मिळून ९० मिनिटांची) आहे, म्हणजे ४५ मिनिटं बसून परत रेकॉर्डिंग. डेक माळ्यावरून काढलाय, पण बेल्ट सैल झालाय आणि आबा अर्धा सूर खाली गातायत. बेल्ट शोधतोय.