राजाचे डोळे भरून आले म्हणून?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न दर वेळी तोच असतो: चिनी दिग्दर्शक झांग यीमौचा 'हीरो' हा सिनेमा हुकूमशहाची बाजू घेतो, तरी तुम्ही तो अजून डोक्यावर का घेता?

बाजू घेतो, हे मला ठाऊक आहे. प्राचीन चिनी इतिहासकार सिमा चियनच्या इतिहासात जिंग के हा मारेकरी इ.स.पू. 227 मध्ये छिन राज्याच्या राजावर खरोखर धावून जातो. खंजीर खांबाला लागतो आणि तो मारला जातो. सिनेमातला मारेकरी मात्र दहा पावलांवर पोचून स्वतःच हात आवरतो, कारण लढाया थांबायच्या तर सगळी राज्यं एक करणारा हाच राजा हवा. वार हुकत नाही, सोडून दिला जातो. 2004 साली सिनेमा अमेरिकेत लागला तेव्हा समीक्षक जे. होबरमन यांना त्यात फॅसिझमची मोहिनी दिसली, ती उगाच नव्हे.

पण 1994 मध्ये याच झांगच्या 'टू लिव्ह' या सिनेमावर चीनमध्ये बंदी आली होती. 'विकला गेला' म्हणून त्याला निकालात काढणाऱ्यांनी सुलेखनशाळेचा प्रसंग परत बघावा. छिनच्या बाणांनी छप्पर फुटतंय, मुलं पडतायत आणि म्हातारे गुरुजी बसून अक्षरं काढतायत. तिकडे राजा म्हणतो, 'तलवार' लिहायच्या एकोणीस रीती आहेत, मी एकच ठेवीन. एकीकरणात काय पुसलं जातं हे ज्याला कळत नाही, त्याला हे दोन प्रसंग सुचतील का?

हे सगळं मला आता सुचतं. त्या संध्याकाळी सुचलं नाही.

आमच्या फिल्म सोसायटीत मी 'हीरो' लावला होता. पत्रकही मीच लिहिलं होतं: 'राजकारण दाराबाहेर ठेवा, रंग बघा.' सिनेमा संपल्यावर चहा सुरू झाला. आमचे एक ज्येष्ठ सभासद, आणीबाणीत एकोणीस महिने येरवड्यात काढलेले, माझ्याजवळ आले. हातात पत्रक होतं, चार घड्या घातलेलं.

"राजाचे डोळे भरून आले, म्हणून याचा हात थांबला?"

मी पिवळ्या पानांतल्या त्या द्वंद्वाबद्दल बोलू लागलो. मृत्यूबरोबर सगळं रान लाल होतं, त्याबद्दलही. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं.

"अहो, रंग मलाही दिसले," ते म्हणाले. "पण आम्हालाही तेव्हा 'अनुशासन पर्व' आहे असंच सांगत होते. देशासाठी जरा कळ काढा म्हणून."

पत्रक त्यांनी कपाखाली ठेवलं आणि कठडा धरून जिना उतरले. बशी नव्हती, चहाचं गोल वर्तुळ बरोबर 'रंग बघा'वर उमटलं. पुढच्या महिन्यात ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही. मी फोन केला नाही. तेव्हा स्वतःला सांगितलं की कलेतलं त्यांना कळत नाही. आज ते वाक्य आठवलं की लाज वाटते, कारण सिनेमा त्यांनी माझ्यापेक्षा नीट पाहिला होता.

तरीही तो वाईट आहे असं मी म्हणणार नाही. शेवटी मारेकऱ्यावर सोडलेल्या बाणांनी भरलेल्या दारावर माणसाच्या आकाराची एक मोकळी जागा राहते. कधी ती मला हुतात्म्याची आरती वाटते, कधी राजावरचा उघड आरोप. गेल्या आठवड्यात परत पाहिला तेव्हा आरोप वाटला. त्या गृहस्थांना काय वाटलं असतं, ते विचारायचं राहून गेलं.

पुढच्या महिन्यात तो पुन्हा लावतोय. पत्रक अजून लिहून झालेलं नाही.