न जळलेल्या गॅसचा हिशेब

दोन-दोन मेगावॉटची दोन गॅस इंजिनं, एवढंच आमचं वीजकेंद्र. त्याचा कार्बनचा हिशेब लावायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा ते अर्ध्या तासाचं वाटलं. मीटरवरून गॅस किती गेला ते घ्यायचं, दर गिगाज्यूलला 56.1 किलो कार्बन डायऑक्साइड धरायचा आणि तयार झालेल्या युनिटांनी भागायचं. कार्यक्षमता 40 टक्के, म्हणजे युनिटमागे सुमारे 505 ग्रॅम. कोळशाच्या जवळपास निम्मं. माझं समाधान झालं होतं.

त्याच आठवड्यात चिमणीतले वायू मोजणारी माणसं आली. रात्र होती, मागणी उतरलेली, दोन्ही इंजिनं निम्म्या लोडवर. चिमणीच्या तोंडाशी धुराचं नावही नव्हतं, फक्त गरम हवेने मागचे दिवे थरथरताना दिसत होते. मोजणारा म्हणाला, "आत येणाऱ्या गॅसपैकी चार टक्के न जळताच बाहेर पडतोय." मी त्याला यंत्र पुन्हा शून्यावर आणायला लावलं. आकडा तोच. सकाळी पूर्ण लोडवर मोजलं, तर दोन टक्के.

अशा इंजिनात हवा जास्त आणि गॅस कमी, असं विरळ मिश्रण जाळतात. त्याने नायट्रोजन ऑक्साइड कमी होतात, ते चांगलंच आहे. पण पिस्टनच्या वरच्या रिंगपाशी जी बारीक फट असते, तिथे ज्योत पोचत नाही. लोड उतरला की सिलिंडरही तितका तापत नाही आणि कडेचा गॅस तसाच राहून जातो.

मी हिशेब पुन्हा मांडला. आमचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. तो वजनाला वजन, 100 वर्षांत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 30 पट तापवतो, 20 वर्षांत 80 पटींहून जास्त. निम्म्या लोडवर आमची कार्यक्षमताही 35 टक्क्यांवर येते. न जळलेला मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या मापात धरून, 100 वर्षांच्या हिशेबाने युनिटमागे 800 ग्रॅम निघाले. 20 वर्षांच्या मापाने 1,200च्या आसपास, म्हणजे कोळशाशी तुलना करायला तोंडच उरलं नाही. चूक मीटरची नव्हती. मीटरमधून गेलेला सगळा गॅस जळला, असं मी धरून चाललो होतो.

कागद घेऊन मी थेट साहेबांकडे गेलो. रात्री एकच इंजिन पूर्ण लोडवर चालवू, म्हटलं. ते म्हणाले, "ते ट्रिप झालं, अचानक बंद पडलं तर?" प्रश्न रास्त होता, दोन इंजिनं चालवायची ती त्यासाठीच. दुसऱ्याचं जॅकेट वॉटर, म्हणजे इंजिनाभोवती फिरणारं पाणी, गरम ठेवायचं आणि ते इंजिन चालू होईपर्यंत कोणते फीडर, म्हणजे वीज नेणाऱ्या लाइनी, बंद ठेवायचे, याची यादी आम्ही दुपारभर बसून केली.

रात्री दोन नंबर बंद केलं. मोजणारा अजून चिमणीपाशीच होता. एक नंबर पूर्ण लोडवर गेलं आणि थोड्या वेळाने त्याने वरून दोन बोटं दाखवली.