दस्त्यात बारा कंदील

कोजागरीचं दूध पिऊन झालं, गच्चीवरच्या सतरंज्या गुंडाळल्या, की वाड्यात कोणीतरी हमखास विचारायचं, "मग? ट्रंक कधी काढायची?" उत्तर सगळ्यांना ठाऊक असायचं. कोजागरीनंतरचा पहिला रविवार. आमच्या आळीतल्या मंडळाचा तो कंदिलाचा रविवार.

आमचा वाडा पुण्यात कसबा पेठेत होता. एका अंगाला कुंभारवाडा, एका अंगाला तांबट आळी. पेशवाईत हाताने कागद करणारे कागदी जिथे राहत तो कागदीपुराही जवळच. सगळ्या गल्ल्यांची नावं हातकामावरून पडलेली, त्यामुळे घरात काही हवं असेल तर आधी ते करता येतंय का बघायचं आणि मग बाजारात जायचं, ही रीत आम्हाला कुणी मुद्दाम शिकवली नाही. मंडळाचा गणपती होता, मेळा होता, आरास होती. त्या दहा दिवसांबद्दल बोलायला आळीतला प्रत्येक माणूस तयार असतो. मला मात्र मंडळ म्हटलं की तो एक रविवार आठवतो.

ट्रंक पत्र्याची होती, हिरव्या रंगाची, कडी तुटलेली म्हणून सुतळीने बांधलेली. उघडली की डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा. आत गणपतीच्या मखरातून उरलेला घोटीव कागद, पताकांच्या माळा, बेगडाचे तुकडे, क्रेपचे अर्धे गुंडाळे, वर्षभर घराघरांतून साठवलेल्या लग्नपत्रिका. पत्रिका कधी टाकायची नाही हा माईंचा नियम होता. माई म्हणजे तळमजल्यावरच्या, वाड्यातल्या सगळ्यात वयस्कर. पत्रिकेचा जाड कागद कंदिलाच्या कोपऱ्यांवर लावायच्या फुलांना उत्तम. चहाच्या पुडक्यातला चंदेरी कागदही त्या धुऊन, वाळवून, वहीत दाबून ठेवायच्या. विकतच्या बेगडापेक्षा तो जास्त लखलखतो, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि मला आजही ते पटतं.

दर बिऱ्हाडी दोन रुपये वर्गणी. अकरा बिऱ्हाडं, म्हणजे बावीस रुपये. त्यात बुरूड आळीतून एक बांबू, बोहरी आळीतून पतंगाच्या कागदाचा एक दस्ता, दोऱ्याची रिळं आणि मैदा. उरलेल्या पैशांत संध्याकाळची भेळ. हिशेब नाना ठेवायचे आणि रात्री चौकात उभे राहून मोठ्याने वाचून दाखवायचे. कागद सुटा घेतला तर महाग पडतो, दस्त्याने घेतला तर स्वस्त, आणि ओळखीचा दुकानदार रंग मिसळून दस्ता बांधून द्यायचा. दस्ता म्हणजे २४ ताव. एका कंदिलाला सांगाड्यावर दीड ताव आणि झिरमिळ्यांना अर्धा, असे दोन ताव लागतात. म्हणजे एका दस्त्यात बारा कंदील. अकरा बिऱ्हाडांचे अकरा आणि बारावा मंडळाच्या फळ्याशेजारी. एक तावसुद्धा वाया घालवायची सोय नव्हती. कंदिलाला काड्याही चोवीसच लागतात. लहानपणी मला या गोष्टीचा फार आनंद व्हायचा. २४ ताव, २४ काड्या, हे कुणीतरी जुळवूनच ठेवलं असणार असं वाटायचं.

बांबू शनिवारीच यायचा. तो उभा चिरून कामट्या काढायचं काम मोठ्या मुलांचं. कामट्या रात्रभर हौदात भिजायच्या, सकाळी वितीएवढे तुकडे कापायचे आणि मग काचेच्या तुकड्याने त्यांच्या धारा खरवडून काढायच्या. हे खरवडणं कंटाळवाणं, पण ते टाळलं की पुढे कागद फाटतो. एका वर्षी मी टाळलं होतं. अख्खी दुपार बसून चिकटवलेला निळा कागद संध्याकाळी कोपऱ्यातून टर्रकन गेला.

चौकात एका बाजूला ड्रॉइंगचे सर बसायचे. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण आळी त्यांना सरच म्हणायची. सांगाडा बांधायला ते शिकवायचे. आधी चार-चार काड्यांचे सहा चौकोन. मग एक चौकोन खाली आडवा, एक वर आडवा, आणि उरलेले चार बाजूंना, पण सपाट नाही, कोपऱ्यावर उभे. प्रत्येक कोपरा शेजारच्या चौकोनाच्या कोपऱ्याला बांधायचा. बरोबर बारा गाठी होतात. बाराव्या गाठीपर्यंत ते सगळं लुळं, मांडीवरून घसरणारं, आपल्याकडून काही होणार नाही असं वाटायला लावणारं असतं. बारावी गाठ आवळली की एकदम अंगात ताठपणा येतो आणि चौकोनांच्या मधे आठ त्रिकोण उभे राहिलेले दिसतात. ते आपण केलेले नसतात. सर म्हणायचे, "चौकोन तू केलेस, त्रिकोण त्याने स्वतः केले." दर वर्षी कुणी ना कुणी नवं पोर पहिल्यांदा ते त्रिकोण मोजायचं आणि सर त्याच्याकडे बघत बसायचे. त्यांना तेवढ्यासाठीच यायचं असायचं, असं मला आता वाटतं.

गाठ मारताना ते एकच सांगायचे, "दोरा ओढा, काडी ओढू नका." मी अजूनही कुठलंही काही बांधताना हे मनात म्हणते.

खळ माईंच्या स्टोव्हवर शिजायची. दोन चमचे मैदा आधी गार पाण्यात कालवायचा, गुठळी राहू द्यायची नाही, मग वाटीभर पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरट दुधासारखी असते तोवर कच्ची. तिला काचेसारखी झाक आली आणि चमच्याच्या पाठीला चिकटून राहिली की उतरवायची. शेवटी चिमूटभर मोरचूद, झुरळं आणि कसर लागू नये म्हणून. तो मात्र माई स्वतः घालायच्या आणि पुडी फडताळात अगदी वर ठेवून द्यायच्या, कारण विषारी. खळीचं भांडं चौकात आलं की सगळ्यांच्या बोटांना निळसर छटा यायची. जेवायच्या आधी हात नळाखाली तीनदा धुतले का, हे त्या वास घेऊन बघायच्या.

मग कागद. काडीवर खळ लावायची, कागदावर नाही. कागद चौकोनापेक्षा अर्धा बोट जास्त कापायचा आणि कड काडीवरून आत दुमडायची. वरचा चौकोन उघडाच ठेवायचा, उष्णता जायला आणि दिवा बदलायला हात आत जायला. सगळं चिकटवून झाल्यावर माई घट्ट पिळलेलं फडकं कागदावरून अगदी हलक्या हाताने फिरवायच्या. कागद आधी सुरकुततो, रडवेला होतो, आणि आता बिघडलंच म्हणेपर्यंत वाळत वाळत डफासारखा ताणला जातो. टिचकी मारली की टणटण वाजायला लागतो. फडकं जरा ओलं राहिलं तर लाल रंग पिवळ्यात उतरायचा. ते काम त्या शेवटपर्यंत कुणाकडे देत नसत.

झिरमिळ्या पोरांच्या. ताव घडीवर घडी घालून कातरायचा, उलगडताना श्वास रोखून धरायचा. एकदा आमच्यातल्या एकाने घडीची बाजू सोडून उघडी बाजू कातरली आणि हातात नुसत्या सुट्या पट्ट्या आल्या. त्याचं तोंड पडलेलं पाहून माईंनी त्या पट्ट्या एकेक करून दोऱ्याला चिकटवून घेतल्या. त्या वर्षीच्या त्या कंदिलाच्या झिरमिळ्या इतरांपेक्षा लांब झाल्या आणि वाऱ्यावर सगळ्यात जास्त हलायच्या.

संध्याकाळी भेळ खाऊन झाली की शुभेच्छापत्रं. ती लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर. भेंडी आडवी कापून तिचे ठसे, कुणी बटाट्यात पणती कोरून तिचे. परगावी पाठवायला १५ पैशांचं पोस्टकार्ड घेऊन त्यावरच एका कोपऱ्यात ठसा मारायचा. मामाकडे सोलापूरला अशी पोस्टकार्डं बरीच वर्षं एका तारेला ओवून ठेवलेली होती.

एका वर्षाबद्दल मात्र सांगायलाच हवं. १९८७. श्रावणात आमचे आजोबा गेले. वर्षभर घरात सण नाही, हे मला कळत होतं. मी नऊ वर्षांची होते. कंदिलाच्या रविवारी आईने सकाळीच सांगितलं, "यंदा खाली जायचं नाही हं." मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून होते. तिथून चौक सगळा दिसायचा. मनात हिशेब चालू होता, यंदा अकराच कंदील, म्हणजे दोन ताव उरणार, ते कुणाला मिळणार?

थोड्या वेळाने माई जिन्याशी आल्या. गुडघे दुखायचे त्यांचे, पण वर आल्या. "अगं, चिकटवायला हात कमी पडतायत. तू ये बघू." आई दारात आली. "माई, यंदा आमच्याकडे..." माईंनी तिला पुढे बोलू दिलं नाही. त्यांच्या हातात दोन ताव होते, पांढरे. दस्ता बांधून घेतानाच त्यांनी दुकानदाराला रंग सांगून ठेवला होता.

"कंदील नाही गं हा," त्या आईला म्हणाल्या. "आकाशदिवा आहे. गेलेल्या माणसाला वाट दिसावी म्हणून लावतात. सणाचा कुठे आहे तो?"

आई काही बोलली नाही. ती खांबाला टेकून थोडा वेळ उभी राहिली आणि मग आत जाऊन आजोबांची कात्री घेऊन आली. ते शिंपीकाम करायचे, त्यांची मोठी काळी कात्री आम्हाला कुणाला हात लावायची परवानगी नव्हती. आईने ती माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "सांभाळून."

त्या पांढऱ्या कंदिलाला झिरमिळ्या लावल्या नाहीत, बेगड नाही, फुलं नाहीत. सरांनी बारावी गाठ मला मारायला दिली. रात्री तो आमच्या गॅलरीत लागला तेव्हा आत १५ वॅटचा दिवा होता आणि आठही त्रिकोण दुधासारखे दिसत होते. त्या दिवाळीत आमच्याकडे तळण झालं नाही, पण दहा बिऱ्हाडांतून दहा ताटं आली. फराळाच्या ताटांवर घातलेले क्रोशाचे रुमाल आई धुऊन, घडी घालून परत करत होती. तो आकाशदिवा तिने कार्तिकी पौर्णिमेपर्यंत रोज तिन्हीसांजेला लावला.

पुढे बाजारात तयार कंदील आले, प्लॅस्टिकचे, घडीचे. मखरं थर्माकोलची झाली. त्याचं आकर्षण आम्हालाही होतं, खोटं कशाला सांगू. एका रविवारी चौकात चारच जण आले, पुढच्या वर्षी ट्रंक कुणी काढलीच नाही. सर गेले, मग माई. वाडा पाडायचा ठरला तेव्हा आम्ही कोथरूडला येऊन बरीच वर्षं झाली होती.

२०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि त्या वर्षी आमच्या सोसायटीत गणपतीची आरास कशाची करायची म्हणून बैठक बसली. मी पुठ्ठा आणि घोटीव कागद म्हटलं. आरास झाली, कागद उरला, आणि मी कुणाला फारसं न विचारता पाटीवर लिहून टाकलं की कोजागरीनंतरच्या रविवारी पार्किंगमध्ये कंदील. पहिल्या वर्षी सात मुलं आली. बांबू मिळवणं सगळ्यात अवघड गेलं, म्हणून लहान मुलांना खराट्याच्या हिरांचे वितीपेक्षा छोटे कंदील करायला दिले. ते तर आणखी देखणे होतात. खळीत आता मोरचूद घालत नाही, दर वर्षी कागद नवा चढवायचा असतो, मग कसर लागणार कधी? आणि एलईडीची माळ तापत नाही, त्यामुळे पूर्वी चाळीसचा दिवा लावला की कागद तांबूस व्हायचा ती भीती गेली. सांगाडा मात्र नीट जपला तर वर्षानुवर्षं टिकतो. कागद ओल्या फडक्याने सोडवायचा, काड्या पुसायच्या, माळ्यावर ठेवायच्या. दुसऱ्या वर्षीपासून खर्च म्हणजे नुसते दोन ताव आणि मूठभर मैदा.

वाडा पाडण्याआधी सामान आवरायला मी आणि धाकटा भाऊ गेलो होतो. माळ्यावर जुनी पाटा-वरवंट्याची जोडी, शिवणाच्या मशिनचा पाय आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले तीन सांगाडे निघाले. दोन मोडले होते. तिसरा हातात घेतला, धूळ फुंकली. गाठी सगळ्या शाबूत होत्या. मी एकेक गाठ बोटाने चाचपत गेले, आणि बाराव्या गाठीच्या दोऱ्याखाली पांढऱ्या कागदाचं नखाएवढं कपटं अजून चिकटलेलं होतं.

तोच सांगाडा या रविवारी पार्किंगमध्ये मधे ठेवणार आहे. सकाळी बोहरी आळीत जाऊन दस्ता आणला. रंग मिसळून द्या म्हटलं, आणि त्यात दोन ताव पांढरे घाला म्हटलं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या घरात यंदा सण नाहीये.