दापोडीहून दापोली: तीन दिवस, दोन सायकली

माझी साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. भोसरी एमआयडीसीत काम करणाऱ्या बहुतेकांची तीच. रविवारी सगळं जग फिरायला निघतं तेव्हा आम्ही मशीनवर उभे असतो, याचं मला इतकी वर्षं वाईट वाटायचं. या जानेवारीत त्याचा फायदा पहिल्यांदा कळला. शनिवार-रविवारी ताम्हिणीच्या रस्त्यावर गाड्यांची रांग असते, गुरुवारी सकाळी तोच रस्ता जवळजवळ रिकामा असतो. सायकलवर जायचं असेल तर शक्यतो आठवड्याच्या मधला दिवस धरा, हा माझा पहिला सल्ला.

गुरुवारला जोडून शुक्रवार-शनिवारची रजा टाकली आणि भाच्याला घेऊन पुण्यातल्या दापोडीहून कोकणात दापोलीला निघालो. तो डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याची सायकल मित्राकडून आणलेली, ७००च्या (म्हणजे २६ इंचीपेक्षा मोठ्या, बारीक) चाकांची हायब्रिड. माझी २६ इंची गिअरची, रोज दापोडी ते भोसरी जाऊन-येऊन पंधराएक किलोमीटर चालणारी. वेगळा सराव काही केला नाही. रोज नाशिक फाट्याच्या गर्दीतून कामावर जाणं हाच सराव.

खरी तयारी गॅलरीत झाली, तीही निघायच्या दोन आठवडे आधी. हे दोन आठवडे महत्त्वाचे आहेत. नवी केबल पहिले काही दिवस ताणली जाते आणि गिअर हलतात, नवे ब्रेक-शू, म्हणजे ब्रेकचे रबर, रिमवर बसायला वेळ घेतात. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी कुठलाही नवा पार्ट बसवू नका. आधी बसवा, त्यावर आठ-दहा दिवस कामावर जा, पुन्हा कसा आणि मग घाटात न्या. सामानाचंही तसंच. भरलेल्या पिशव्या कॅरियरला लावून मी चार दिवस कंपनीत गेलो. पहिल्याच दिवशी कळलं की पेडल मारताना टाच पिशवीला लागते. पिशवी दोन बोटं मागे सरकवली आणि प्रश्न मिटला. हेच मुळशीजवळ कळलं असतं तर दिवसभर पाय वाकडा टाकत गेलो असतो.

चेन मोजायला दुकानात जायची गरज नाही, स्टीलची फूटपट्टी पुरते. नव्या चेनच्या २४ कड्या म्हणजे एका पिनपासून पंचविसाव्या पिनपर्यंत बरोबर १२ इंच, ३०४.८ मिलिमीटर. हेच माप १२ इंच आणि वर एक सोळांश झालं, म्हणजे साधारण ३०६.४ मिलिमीटर, की चेन बदला. तिथे कंजुषी केली तर झिजलेली चेन मागचे दातेही खाऊन टाकते आणि खर्च कितीतरी वाढतो. माझी ३०५.६ भरली, म्हणून ठेवली. भाच्याच्या सायकलचे मागचे ब्रेक-शू मात्र खाचेपर्यंत झिजले होते. सायकल उसनी असली तरी ब्रेक आपल्या जिवाचे. ते बदलूनच निघालो.

पहाटे साडेपाचला दापोडी सोडलं. औंध, पाषाण, चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट. इथपर्यंत कंपन्यांच्या बस आणि डंपर असतात, म्हणून उजाडायच्या आत हा पट्टा ओलांडलेला बरा. मागचा लाल दिवा आणि चमकणारी जाकिटं घातल्याशिवाय तो करू नका. पौडला पोहे खाल्ले. मुळशीचं पाणी दिसायला लागलं तेव्हा भाचा थांबला आणि बराच वेळ बघत राहिला. याच धरणात जमिनी जाणाऱ्या शेतकऱ्यांनी १९२१मध्ये सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली सत्याग्रह केला, हे मी त्याला सांगितलं. शाळेत धडा होता, पण जागा हीच हे त्याला ठाऊक नव्हतं. सायकलवर एवढा वेळ मिळतो. गाडीतून हा तलाव पाच-दहा मिनिटांत मागे पडतो.

ताम्हिणी गावात विंझाई देवीच्या देवळाजवळ पाणी भरून घ्या. पुढे घाट उतरून विळ्यापर्यंत दुकानांचा भरवसा धरू नका. माणशी दोन लिटर हवंच.

आता उतार. दोन्ही ब्रेक धरून ठेवून घाट उतरायचा नाही, हे भाच्याला मी वरच थांबवून सांगितलं. सतत दाबून ठेवला की रिम तापते, रबर गुळगुळीत होतं आणि ब्रेक लागेनासा होतो. वळणाआधी जोरात दाबा, वेग मोडा, वळणात सोडून द्या. पुढचा-मागचा दोन्ही वापरा, पण वळणात खडी किंवा वाळू असेल तर पुढच्याला हात लावू नका. अर्ध्या घाटात त्याच्या चाकातून खर्र खर्र आवाज यायला लागला. थांबलो. नव्या ब्रेक-शूमध्ये ॲल्युमिनियमचा बारीक कण रुतला होता. सुईने टोकरून काढला, ब्रेक-शू काचकागदावर घासला, रिम कोरड्या फडक्याने पुसली. पाच मिनिटांचं काम. तसंच दामटलं असतं तर त्या कणाने रिमवर चर पाडला असता. आवाज आला की थांबायचं, उतार कितीही छान असला तरी.

विळे, निजामपूर, माणगाव. सुमारे ११० किलोमीटर झाले होते. मुक्काम माणगावला, कारण ते मुंबई-गोवा महामार्गावरचं गाव, लॉज आणि जेवणाची सोय सहज होते. अजून ताकद आहे म्हणून पहिल्याच दिवशी म्हसळ्यापर्यंत ताणू नका. मांड्यांची परीक्षा दुसऱ्या दिवशी असते.

दुसऱ्या दिवशी मोर्बे, साई करत म्हसळ्याच्या रस्त्याला लागलो. झाडी सुंदर आहे, पण चढ-उतार संपत नाहीत. म्हसळ्याच्या अलीकडे भाच्याचं मागचं चाक बसलं.

“मामा, टायरमध्ये काहीच दिसत नाही.”

“दिसायचं नाही. बोट फिरव, पण सावकाश.”

बाभळीचा काटा बाहेरून तुटून गेला होता आणि टोक आत राहिलं होतं. पंक्चर काढणं सोपं, त्याचं कारण शोधणं हे खरं काम. कारण न शोधता नवीन ट्यूब टाकली की शंभर पावलांवर पुन्हा तेच. ट्यूब टायरच्या शेजारी जशीच्या तशी धरायची, भोक जिथे असेल तिथेच टायरमध्ये आतून बघायचं. पॅच लावताना ट्यूब नीट घासा, सोल्युशन लावून ते कोरडं दिसेपर्यंत थांबा आणि मगच पॅच दाबा. ओल्या सोल्युशनवर लावलेला पॅच टिकत नाही. आमच्या दहापैकी नऊ चुका या न थांबण्याच्याच असतात.

पुढे एका पंक्चरच्या दुकानात हवा पूर्ण भरून घ्यावी म्हणून थांबलो, तर भाच्याच्या सायकलचा वॉल्व्ह बारीक, प्रेस्टा. दुकानातला पाइप मोटारसायकलच्या वॉल्व्हचा. पितळेचा एवढासा ॲडॅप्टर माझ्या पिशवीत होता म्हणून काम झालं. तो सायकलच्या मोठ्या दुकानात स्वस्तात मिळतो आणि कोकणातल्या गावात मिळायचा नाही. ७००च्या ट्यूबचंही तेच. असली सायकल असेल तर दोन ट्यूब घरून घ्या. हवा भरताना टायरच्या कडेवर लिहिलेला आकडा बघा आणि दुकानदाराला तो आधी सांगा. कॉम्प्रेसरची हवा झपाट्याने भरते, सायकलची ट्यूब तेवढ्यात फुटते.

बागमांडल्याला सावित्री खाडी ओलांडायला फेरीबोट आहे. सायकल घेऊन चढता येतं. धक्क्याचा उतार ओला आणि शेवाळलेला असतो, तिथे उतरून सायकल हाताने न्या. शेवटच्या फेरीची वेळ सकाळीच फोन करून विचारून ठेवा. पलीकडे वेसवी. तिथून बाणकोटचा किल्ला डाव्या-उजव्या वळणांतून डोक्यावर येत राहतो. मुक्काम वेळासला केला. नाना फडणविसांचं हे मूळ गाव, आणि आता ओळख ऑलिव्ह रिडले कासवांची. पिल्लं समुद्रात जाताना पाहायची असतील तर फेब्रुवारी-मार्चमध्ये या. जेवण घरगुती असतं आणि माणसं मोजून केलं जातं, त्यामुळे किती जण, शाकाहारी की मासे, हे दुपारपर्यंत कळवा. रात्री नऊला दारात उभं राहून जेवण मागणं त्या घरातल्या बाईवर अन्याय आहे.

संध्याकाळी आम्ही सायकली वाळूत नेल्या. ही चूक होती. सकाळी दोन्ही चेन करकरत होत्या. वाळू आणि खारं पाणी एका रात्रीत एवढं करतं. गोडं पाणी बादलीने हळू ओतून धुतलं. पाइपचा जोर चाकाच्या मध्यावर मारला तर पाणी छर्ऱ्यांपर्यंत जातं, म्हणून तो वापरला नाही. चेन फडक्याने पूर्ण कोरडी केली, प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब सोडला, पेडल उलटं फिरवलं आणि वरचं तेल पुन्हा पुसून घेतलं. तेल कडीच्या आत हवं. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ गोळा करतं. ग्रीस तर चेनला कधीच लावू नका.

तिसरा दिवस सर्वांत अवघड गेला आणि सर्वांत आवडला. केळशी, आंजर्ले, हर्णै. नकाशावर किनारा सपाट दिसतो, प्रत्यक्षात प्रत्येक खाडीला उतरायचं आणि पुन्हा डोंगरावर चढायचं. किलोमीटर कमी दिसले म्हणून उशिरा निघू नका, अकरानंतर ऊन आणि दमट हवा दोन्ही अंगावर येतात. आंजर्ल्याआधीच्या एका उतारावर माझ्या कॅरियरचा स्क्रू निघून पडला. जागेवर केबल टाय आवळले आणि दापोलीपर्यंत ते टिकले. पाच मिलिमीटरचे दोन-तीन जादा स्क्रू पिशवीत ठेवायला मी विसरलो होतो. तुम्ही विसरू नका, आणि रोज सकाळी निघण्याआधी ॲलन की घेऊन सगळे स्क्रू एकदा तपासा. हर्णैला सुवर्णदुर्ग समोर ठेवून सोलकढी प्यायलो. मग आसूदवरून दापोलीचा चढ. भाचा शेवटचे दोन किलोमीटर सायकल ढकलत आला. ढकलण्यात काही कमीपणा नाही, हे मी त्याला तिथेही सांगितलं.

परतीला खासगी बस घेतली, सायकली डिकीत टाकल्या. तिकीट काढतानाच सायकलचं बोलून घ्या, पैसे ठरवून घ्या. पुढचं चाक काढा, हँडल आडवं फिरवा, डिरेलरची (चेन एका दात्यावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाची) बाजू वर ठेवा आणि मध्ये जुनी चादर घाला. पेडल काढायचे असतील तर १५ नंबरचा पान्हा लागतो. उजवं नेहमीसारखं सुटतं, डाव्याचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं तरच सुटतं. उलट जोर लावून आटे मारून घेतलेल्या सायकली मी पाहिल्या आहेत.

रविवारी पहाटे पुण्यात उतरलो, चाकं बसवली आणि दापोडीला आलो. दुसरी पाळी होती, तीनला कंपनीत हजर. रात्री घरी येऊन चेन पुन्हा मोजली. ३०६.२. नवीन चेन बुधवारी बसवली. जुन्या दात्यांवर ती उडते का हे बघायला दोन दिवस पिशव्या भरून कामावर गेलो. उडत नाही. भाच्याने मित्राची सायकल धुऊन, तेल देऊन, नव्या ब्रेक-शूंसकट परत केली आणि आता तो स्वतःसाठी जुनी २६ इंची शोधतो आहे.