तुम्ही विचारलंत म्हणून: तो पेपर मी का पाठवला नाही

"मॅडम, चुंबकत्व मिळालं होतं ना, मग पेपर का नाही पाठवलात?" सोलापुरात दर वर्षी नवी बॅच हे विचारते, सहकारीही विचारतात. एकदाचं लिहूनच टाकते.

मिळालं होतं, खरंच. कोबाल्ट घातलेल्या झिंक ऑक्साइड या अर्धवाहकाच्या फिल्मचा (पातळ थराचा) हिस्टेरिसिस लूप, म्हणजे क्षेत्र काढल्यावरही चुंबकत्व उरतं हे दाखवणारा आलेख, खोलीच्या तापमानाला स्वच्छ उघडला होता. झिंक ऑक्साइडसारखे अर्धवाहक खोलीच्या तापमानाला चुंबक होऊ शकतील, असं सांगणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञ डीट्ल आणि सहकाऱ्यांच्या 2000 सालच्या गणितानंतर सगळे ज्याच्या मागे लागले होते, तेच. आईला फोनसुद्धा केला मी.

मग मे महिन्यातली ती दुपार. 5 मिलिमीटरच्या चौकोनी तुकड्याच्या चार कोपऱ्यांवर इंडियमचे ठिपके टूथपिकने दाबून बसवले, तारा जोडल्या. चुंबकीय क्षेत्र चढवलं, उतरवलं. हॉल व्होल्टेज, म्हणजे क्षेत्रामुळे प्रवाहाच्या आडव्या दिशेने तयार होणारं व्होल्टेज, सरळ रेषेत गेलं आणि त्याच रेषेने परत आलं. लूप नाही, साधा बाकही नाही. पंख्याच्या वाऱ्याने तारा हलत असतील म्हणून पंखा बंद केला. घामाने बोटं निसटत होती, तरी कॉन्टॅक्ट दोनदा नव्याने केले. तीच रेषा. म्हणजे वाहणारे इलेक्ट्रॉन त्या चुंबकत्वाची दखलच घेत नव्हते. पुढे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये दिसलं: कोबाल्ट झिंक ऑक्साइडमध्ये मिसळलाच नव्हता, धातूचे 15-20 नॅनोमीटरचे कण होऊन बसला होता. रोध कमी व्हावा म्हणून फिल्म हायड्रोजनमध्ये तापवली होती, आणि ती मीच. कोबाल्टचा क्युरी बिंदू, म्हणजे ज्या तापमानाला चुंबकत्व जातं तो, 1100 अंश सेल्सियसच्या वर, त्याचा लूप खोलीत उघडणारच.

वडील डाय हाउसमध्ये होते. रंग सुतात मुरलाय की नुसता वर बसलाय, हे ते लड धुऊन बघत. माझा रंग मुरलेला नव्हता.

"घाबरलात," असं एक जण तोंडावर म्हणाले. मुळीच नाही, डेटा माझ्यासमोर होता. पण त्यानंतर दोन वर्षं मी त्या फिल्मला हात लावला नाही, हेही खरं.

तेव्हा मी ठासून सांगायचे की अनॉमलस हॉल इफेक्ट, म्हणजे पदार्थाच्या स्वतःच्या चुंबकत्वामुळे हॉल व्होल्टेजला येणारा बाक किंवा लूप, दिसला असता तर फिल्मच चुंबक आहे हे सिद्ध झालं असतं. आज तसं म्हणवत नाही. 2004 साली कोबाल्टयुक्त टायटॅनियम डायॉक्साइडमध्ये धातूचे कण आणि अनॉमलस हॉल इफेक्ट एकत्रच सापडले, म्हणजे नुसते कण असूनही तो दिसू शकतो. मग माझ्या सरळ रेषेने तरी काय सिद्ध झालं? गॅलियम आर्सेनाइड या दुसऱ्या अर्धवाहकात मँगनीज आर्सेनाइडचे चुंबकीय कण लोक मुद्दाम वाढवतात आणि त्यांचा मॅग्नेटोरेझिस्टन्स (चुंबकीय क्षेत्राने रोधात होणारा बदल) मोजतात. ते कण साधारण 40 अंशांना चुंबकत्व सोडतात, आपल्या मे महिन्याच्या तापमानाला. कणांचाच पेपर म्हणून माझं काम पाठवता आलं असतं. तेव्हा मला कण म्हणजे नुसती घाण वाटली.

तुकडा अजून डेसिकेटरमध्ये आहे. एक ठिपका निघालाय, तीन शाबूत आहेत.